दिगू, तू गिरणेतून कोरडा परत आलास

दिगू, गेले सगळे एकदाचे. तेराव्याची पातेली ज्यांची त्यांना परत गेली, ओसरीतली सतरंजी झटकून झाली, माझी सुमनही दुपारच्या गाडीनं धुळ्याला गेली. तेरा दिवस घरात इतकी माणसं होती की मला तुझ्यासाठी धड रडताही आलं नाही. कोण आलं, कोणाला पाणी दिलं, कोणाचा चहा राहिला, यातच दिवस जायचा. चहा! तुझ्या दिवसांना आलेल्या माणसांना मी तेरा दिवस चहा पाजला बघ. तू असतास तर हसला असतास आणि म्हणाला असतास, "पाज अक्का, मी कुठं नको म्हणतोय?"

मी थकले आहे रे. पाय भरून आलेत, आवाज बसलाय, सोमवारी शाळेत जाऊन पोरांसमोर उभं राहायचं म्हटलं तरी अंगावर काटा येतो. पण आज तुझ्याशी बोलणं भाग आहे. मायनं तुझ्यासाठी एक निरोप दिला होता. पाच वर्षांपूर्वी. तो मी तुला दिला नाही. तू तोच निरोप ऐकायला जन्मभर कान लावून बसला होतास आणि तो तुझ्याच घरात, चुलीपासून चार पावलांवर, माझ्या पोटात होता. तू मला ओळखतोस, मी सरळ मुद्द्यावर येत नाही. वर्गातही नाही, घरातही नाही. आज तर मला धीर गोळा करत करतच यावं लागणार आहे.

इंदूपासून सुरुवात करते, कारण तुझं सगळं तिथूनच सुरू झालं. तुमच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं. मी तेव्हा नुकतीच कपाळ पुसून, सुमनला कडेवर घेऊन माहेरी आले होते. एका घरात दोन उजाड माणसं आणि त्यांची एक आई. मायनं आपल्या दोघांना कसं जगवलं ते तिचं तीच जाणे. तू वर्षभर कोणाशी बोलला नाहीस. मग शेतकी खात्यानं तुला पाटाच्या पाण्याचं शिक्षण घ्यायला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. माय आधी नाही म्हणाली, मग तुझं तोंड बघून हो म्हणाली. जळगाव स्टेशनवर गाडी हलायच्या आत तिनं तुझा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "धरम सोडशीन तर माझं मेलं तोंड पाहशीन." तू शपथ घेतलीस. मीही शेजारीच उभी होते, हातात तुझ्या लाडवांचा डबा घेऊन.

दोन वर्षांनी परत आलास ते तिकडच्या थंडीनं कान लाल करून आणि चहा सोडून. मायनं आल्या आल्या आलं घालून कप पुढं केला आणि तू तो हळूच बाजूला सरकवलास. माय म्हणाली, "दूध नासलं का रे?" तू म्हणालास, "नाही माय, मी घेत नाही आता." मला आठवतंय, तिनं तो कप स्वतः पिऊन बघितला.

मॉर्मन. हा शब्द मी तुझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. युटाच्या ज्या घरात तू भाड्यानं राहत होतास, ते लोक त्या पंथाचे. म्हातारा-म्हातारी. त्यांच्या आज्या-पणज्यांनी हातगाड्या ओढत तो ओसाड मुलूख गाठला होता आणि डोंगरावरून पाट काढून पिकवला होता, हे तू इतक्या वेळा सांगितलंस की सुमनलाही पाठ झालं. चहा नाही, कॉफी नाही, तंबाखू नाही, दारू नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कडक उपास. आणि त्या म्हातारीनं तुला, इंदूचा फोटो बघून, असं काही सांगितलं होतं की ते ऐकून तू तिच्या स्वयंपाकघरात बसून लहान मुलासारखा रडलास. ती म्हणाली होती, तुझं लग्न मोडलेलं नाही. आमच्या मंदिरात नवरा-बायकोला कायमचं बांधतात, मरणसुद्धा ते सोडवू शकत नाही. मेलेल्या माणसालाही बांधता येतं, त्याच्या नावानं दुसरं कोणी उभं राहतं. पण आधी तुला पाण्यात उतरावं लागेल. पूर्ण बुडून बाहेर यायचं, ज्याला तसा अधिकार आहे अशा माणसाच्या हातून. तेवढं झाल्याशिवाय पुढचं काही नाही.

आणि तू उतरला नाहीस. मायच्या गळ्यावर हात ठेवला होतास ना!

"अरे, आपल्यात सात जन्म आहेतच की," मी म्हणाले होते. "त्यासाठी अमेरिकेतल्या मंदिरात कशाला जायला हवं?"

"सात जन्म वडाला दोरा गुंडाळून बाईनं मागायचे, अक्का," तू म्हणालास. "इंदूनं दोनदाच मागितले. आता माझी पाळी आहे ना?"

 पण गप्प बसेन तर मी कसली. "देव तोच ना? मग बुडी मारल्यानं असं काय होणार आहे?" असंही मी वर्षानुवर्षं तुला टोचत राहिले. एकदा वैतागून म्हणालास, "अक्का, अक्षता टाकल्याशिवायही संसार होतोच की. मग लोक त्या का टाकतात?" मी म्हणाले, "जेवायला मिळतं म्हणून." आपण दोघं किती हसलो होतो.

तसा तू जगावेगळा प्राणी होतास बाबा. नियम सगळे पाळणार आणि नाव कुठंच नोंदवलेलं नाही. रविवारी सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून मधल्या खोलीत एकटा बसायचास, काळ्या बांधणीचं तुझं पुस्तक वाचायचास, हळू आवाजात इंग्रजी भजन म्हणायचास. भाजी विकणारी कोंडाबाई खिडकीतून बघून म्हणायची, "भाऊ सायेबाच्या परीक्षेचा अभ्यास करून राह्यले का?" तुमच्यात पाव आणि पाण्याचा प्रसाद असतो म्हणे. मी एकदा म्हणाले, भाकरीचा तुकडा आणि तांब्या देऊ का? तू केवढ्यानं दचकलास. "नको अक्का. मला तो अधिकार नाही." वीस वर्षं तू तो प्रसाद घेतला नाहीस. असले हट्टी लोक देवालाही कसे सोसतात कोण जाणे.

उपासाचं मात्र मायला फार कौतुक. पहिल्या रविवारी तू दोन वेळ जेवायचा नाहीस, पाणीसुद्धा घ्यायचा नाहीस, आणि त्या दोन जेवणांचा शिधा, ज्वारी, तूरडाळ, तेल, कोंडाबाईच्या घरी पोचवायचास. पुढं अमेरिकेतून पत्र आलं की सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी ठेवायची, सगळ्यांनी एकत्र बसायचं, काही वाचायचं, गायचं, काही गोड खायचं. मायनं ते लगेच मान्य केलं. उपास, शिधा आणि सोमवार! तिच्या लेखी तू गल्लीतला सगळ्यात धर्माचा माणूस होतास. सोमवारी तीच जास्त बोलायची. तुझ्या पुस्तकातली ती गोष्ट तिला आवडायची, एक बाप घरदार सोडून रानात निघून जातो आणि पोरांना पुन्हा शहरात पाठवतो, कशासाठी तर वाडवडिलांची नावं कोरलेले पितळी पत्रे आणायला. "बरोबर केलं," माय म्हणायची. "नावं मागं टाकून कोनी जाते का?"

आता सुमनच्या सोयरिकीचं सांगते. तू म्हणशील, ते कशाला? थांब, सगळं त्यातच आहे.

धुळ्याला मुलाकडं बोलणी करायला आपण दोघं गेलो. बाप नसलेल्या मुलीचा मामाच बाप, त्यामुळं मांडीला मांडी लावून बसायचं होतं तुला. मी वाटेत गाडीत तुला विनवलं होतं, एक घोट, फक्त एक घोट घे चहाचा, माझ्या पोरीसाठी. तू खिडकीबाहेर बघत राहिलास. तिथं गेलो, चहा आला, आणि तू कपाला हातही लावला नाहीस. मुलाचे वडील, आबा, पागोटं सारखं करत तुझ्याकडं बघायला लागले.

"काय पाव्हणा, आमना घरना चहा चालत नई का?"

 नको म्हणणं म्हणजे सोयरीक नको म्हणणं, एवढं धुळ्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. खोटं बोलायचं तर किती सोपं होतं, पित्त आहे म्हण, वैद्यानं बंद केलाय म्हण. तू हात जोडलेस आणि म्हणालास, "आबा, माझं व्रत आहे. अमेरिकेत घेतलं. सुटणार नाही."

आबांनी आपला कप खाली ठेवला. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "व्रत शे का? मंग बठ्ठं ठीक शे! दूध लई ये व!" आणि आतून तुझ्यासाठी दूध मागवून वर मला म्हणाले, "परदेशमा जाईसन व्रत पाळनारा मानूस पहिल्यांदा देखना." सोयरीक जुळली. पण उठता उठता आबांच्या भावानं मला बाजूला घेऊन सरळ विचारलं, "तुमचा भाऊ ख्रिस्ती झाला, असं जळगावकडून कानावर आलंय. खरं असलं तर आत्ताच सांगा. आम्हाला आमची माणसं आहेत." मी सुमनच्या डोक्याची शपथ घेऊन सांगितलं की नाही झाला. आणि ते खरंच होतं ना तेव्हा. झाला नव्हतास तू.

पुढच्याच महिन्यात आपल्या गावाला, असोद्याला, घराण्याचा भाट आला. घराण्याची वही घेऊन हे लोक काही वर्षांनी येतात, जन्मलेले-गेलेले लिहून घेतात, दक्षिणा घेतात आणि पुढच्या गावाला जातात, गल्लीतले लोक त्यांना टाळायला बघतात. तू मात्र रजा टाकून तीन दिवस त्याच्या मागे वहीला चिकटून बसलास. तुमच्या लोकांत पूर्वजांची नावं गोळा करणं हे पुण्याचं काम. ज्यांना जिवंतपणी पाण्यात उतरता आलं नाही, त्यांच्यासाठी वंशजांनी नावं पाठवायची. तू मोठाले छापील कागद मागवले होतेस, बाप, आई, जन्म, लग्न, मरण, सगळ्याला चौकटी. आणि चौथ्या पिढीला जाऊन घोडं अडलं, कारण भाटाच्या वहीत बायकांची नावंच नव्हती. अमक्याची बायको, तमक्या गावची. बस्स. तू भाटाला म्हणालास, "अरे, त्या बायांना नाव नव्हतं का?" भाट म्हणाला, "भाऊ, कोनी लिहून मांगतच नही."

मग तू गावभर फिरलास. असोद्याच्या प्रत्येक म्हातारीच्या अंगणात बसून आजीचं, पणजीचं नाव विचारत. लोक हसायचे. अमेरिकेत शिकून आलेला साहेब केळीच्या बागा सोडून म्हाताऱ्यांची नावं गोळा करतोय! शेवटी तू मायसमोर बसलास. तिच्या आईचं नाव तुला माहीत होतं. तिच्या आईच्या आईचं विचारलंस.

मायनं हातातलं सूप खाली ठेवलं. सुपातली डाळ तशीच राहिली. मग म्हणाली, "जाईबाई." आणि मग तिचा बांध फुटला. जाईबाई कशी गोरी होती, तिच्या पायाला सहावं बोट होतं, ती मायला लहानपणी अंगाला तेल लावून उन्हात कशी बसवायची, गेली तेव्हा मायच्या कमरेला कसा विळखा घालून बसली होती. तू सगळं लिहून घेतलंस. चौकटीत मावलं नाही तर मागच्या बाजूला लिहिलंस.

दुसऱ्या दिवशी तू कचेरीत गेल्यावर माय माझ्याजवळ आली. मी मिरच्या निवडत होते. म्हणाली, "माझ्या आजीचं नाव मले आजलोक कोनी इचारलं नही व. माझ्या बापानं नही, नवऱ्यानं नही. यानं इचारलं." आणि मग हळूच, इकडंतिकडं बघत, नवी नवरी सासूला काही मागते तशी, "सांग त्याले. शपथ सुटली म्हनावं. जाऊ दे त्याले पान्यात. इंदूचंही काही भलं होईन."

"तूच सांग ना," मी म्हणाले.

"मले नाही जमनार त्याच्या तोंडाकडे पाहून. मी रडीन. तू सांग."

हाच तो निरोप, दिगू. एवढाच.

मी "बरं" म्हणाले. आणि त्याच आठवड्यात लार्सनसाहेबांचं पत्र आलं. मुंबईत कारखान्यावर आलेला तो तुमच्या पंथाचा अमेरिकन इंजिनिअर, तुझा पत्रमित्र. बायकोला घेऊन अजिंठा बघायला येतोय, जळगावला उतरणार, त्याला अधिकार मिळालेला आहे, तुझी तयारी असेल तर गिरणा नदीच्या डोहात तुला उतरवता येईल. सुमनच्या लग्नाला तेव्हा पाच आठवडे उरले होते. गिरणेच्या काठावर दोन गोरी माणसं एका शेतकी अधिकाऱ्याला पांढऱ्या कपड्यांत पाण्यात बुडवणार, आणि जळगावला ते कळणार नाही? संध्याकाळपर्यंत धुळ्याला पोचलं असतं. मी सुमनच्या डोक्याची शपथ घेऊन शब्द दिला होता.

मी ठरवलं, लग्न होऊन जाऊ दे. मग सांगते. पाच आठवड्यांचा तर प्रश्न. पंधरा वर्षं थांबलाय, पाच आठवड्यांनी काय मोठं होणार आहे? असंच म्हणाले मी माझ्या मनाशी, शब्द न शब्द.

तू साहेबांना कळवलंस की मायच्या शपथेमुळं जमणार नाही. पण पांढरा सदरा-लेंगा नवा शिवून घेतलास. मी बघितला होता ट्रंकेत. तुला शेवटपर्यंत आशा होती, हो ना? साहेबांना गिरणेवर न्यायचं होतं, त्या सकाळी तू मायच्या पाया पडलास आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून राहिलास. ती काही बोलेल म्हणून. आणि मायला वाटलं, मी तुला सांगितलंय, आणि तू आशीर्वाद मागतोयस. तिनं उठून देवघरातून दही-साखर आणली आणि तुझ्या तळहातावर घातली.

टॅक्सीत तू मला विचारलंस, "अक्का, मायनं आज दही का दिलं गं?"

मी म्हणाले, "पाहुण्यांना घेऊन चाललास म्हणून असेल."

त्या वेळी माझी जीभ झडली कशी नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

गिरणेला डोहापुरतंच पाणी होतं, थंडीचे दिवस. लार्सनसाहेब पाण्याकडं बघून म्हणाले, छान आहे. तू कपड्यांचं पुडकं काखेत धरून उभा होतास. त्यांनी तुला काहीतरी विचारलं, तू मान हलवून नाही म्हणालास. साहेबांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. आईचा शब्द पाळणं हीसुद्धा देवाचीच आज्ञा आहे, असं ते म्हणाले, हे तूच मला नंतर सांगितलंस. तू काठापर्यंत गेलास, चपला काढल्यास, खाली बसून हात धुतलेस. फक्त हात. आणि परत आलास. मग आपण दगडांवर बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं. साहेबांच्या नाकातोंडातून पाणी आलं तिखटानं, तू हसलास.  पुडकं तसंच परत आलं.

घरी माय दारातच होती. तुझ्या कोरड्या केसांकडं तिनं बघितलं आणि आत आल्यावर मला विचारलं, "झालं नही का?"

 मी म्हणाले, "त्याचंच मन झालं नाही माय. तुझ्यासाठी थांबला."

मायचा चेहरा असा काही उजळला की बस. "माझा लेक," एवढंच म्हणाली. दिगू, मी एका दिवसात दोघांशी खोटं बोलले आणि दोघंही माझ्यावर खूश होते.

लग्न झालं. सुमन धुळ्याला नांदायला गेली. मी म्हणाले, सण होऊ दे पहिला. मग म्हणाले, तिला दिवस गेलेत, बाळंतपण सुखरूप होऊ दे. मग लार्सनसाहेबांची बदली झाली, ते अमेरिकेला परत गेले, आणि आता सांगून करायचं काय, पाण्यात उतरवायला आहे कोण इथं? अशी पाच वर्षं गेली. कारणं कधी कमी पडली नाहीत. खरं सांगू? शेवटी शेवटी कारण एकच उरलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू माझ्याकडं बघितलं असतंस. ओरडला नसतास, ते मला माहीत आहे. नुसतं बघितलं असतंस. तेवढ्याला मी घाबरले.

मागच्या श्रावणात तू मला म्हणालास, "अक्का, मी मायच्या आधी गेलो तर माझं नाव पाठवशील का? माझं आणि इंदूचं. एक वर्ष थांबावं लागतं, मग चालतं." मी तुझ्यावर केवढी खेकसले. असलं अभद्र बोलतात का, म्हणून. तू कागद दाखवलास, ट्रंकेत कुठं आहेत ते सांगितलंस. मी बघितलंही नाही तिकडं. मायच्या आधी जाईन असं वाटत होतं का रे तुला?

आणि दहाव्याचा तो कावळा.

तुझा त्याच्यावर विश्वास होता की नाही, मला ठाऊक नाही. आपल्याकडं बायका सहसा जात नाहीत, मी गेले. गिरणेचाच काठ. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. कावळे होते, झाडावर चांगले पाच-सात होते, पण एक खाली येईना. लोक पुढं होऊन बोलायला लागले. आबा धुळ्याहून आले होते, म्हणाले, "सुमनले आम्ही कमी पडू देनार नई." नाही आला. तुझ्या कचेरीतले म्हणाले, पाटाचं काम पुरं करू. नाही आला. कोणी म्हणालं, मायला सांभाळू. नाही. ऊन चढत चाललं होतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले, बहीण आहेस, तू काही बोल. मला माहीत होतं दिगू, काय बोलायचं ते. मला एकटीलाच माहीत होतं. चाळीस माणसं होती, आबा होते, आबांचे भाऊ होते. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले.

म्हणजे मी दुसऱ्यांदाही गप्प बसले. तूच बघ.

मायला कोणी सांगितलं नव्हतं, पण तिनं ओळखलं. आज सुमन गेल्यावर तिनं मला जवळ बसवलं. ऐंशीची म्हातारी, तेरा दिवस डोळ्यांतून टिपूस नाही. म्हणाली, "कावळा शिवला नही ना? काय राह्यलं व त्याचं? मी तर त्याले मोकळा केला व्हता."

मी थकले होते. खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो, तो उरला नव्हता. मी सांगितलं. सगळं. धुळ्याचं, दह्याचं, पुडक्याचं, सगळं. मला वाटलं ती मला हाकलून देईल. शिव्या देईल. द्याव्या असं वाटत होतं. पाच वर्षं तिनं उराशी धरलेली एकच गोष्ट, लेक माझ्यासाठी थांबला, ती मी तिच्या हातातून काढून घेत होते.

माय भिंतीकडं बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. मग म्हणाली, "म्हंजे तो दही खाऊन, शपथ तशीच घिऊन गेला."

"हो माय."

ती पुढं सरकली. मग डोळे पुसले, माझे. पदरानं, खसकन, लहानपणी पुसायची तसे. आणि म्हणाली, "मंग आता सांग त्याले."

"आता कसं सांगू माय?"

"तू मास्तरीन ना? लिही."

म्हणून लिहायला बसले आहे. तुझी ट्रंक उघडली. कागद तू म्हणालास तिथंच आहेत, पांढऱ्या सदऱ्याच्या घडीखाली. सदऱ्याची घडी मोडलेलीसुद्धा नाही. तुझ्या अक्षरात जाईबाई आहे, इंदू आहे, जन्मलं त्याच दिवशी गेलेलं तुमचं बाळही आहे, त्याला नाव नव्हतं म्हणून तू चौकट मोकळी ठेवलीस. तुझ्या स्वतःच्या रांगेत तू शेवटची, मरणाची चौकट सोडून सगळं भरून ठेवलं होतंस. ती मी आज भरली. माझं अक्षर तुझ्यासारखं नाही आलं. वर्ष झालं की हे कागद लार्सनसाहेबांच्या पत्त्यावर जातील. आबांना कळलं तर कळू दे. सुमनला मीच सांगणार आहे.

मी तुझ्या पाण्यात उतरणार नाही हं, उगाच आशा धरू नकोस. मी चहा सोडणार नाही. तुझं ते मरणापलीकडचं सगळं खरं आहे की नाही, मला आजही कळत नाही, आणि ह्या वयात कळून घ्यायची ताकदही नाही. पण खरं असेल तर तू कुठंतरी अजून काठावरच बसला असशील, चपला काढून, पुडकं काखेत धरून, मायकडं बघत. तुझा स्वभावच तो.

माय इथं माझ्याजवळ जमिनीवर बसली आहे. तिला वाचता येत नाही, पण कागद किती भरला ते बघते आहे. मघापासून तिसऱ्यांदा विचारते आहे, "सांगितलं का व त्याले?"

सांगते माय, सांगते.

दिगू, मायनं सांगितलंय. शपथ सुटली. उतर आता पाण्यात.